वालाचे चार दाणे

(१९६९ च्या अकरावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



निवेदकांनी माझी ओळख ‘परदेशातून खास आलेल्या’ अशी करून दिली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मात्र मी ‘शनिवारी न येणारी रोहेकर’ म्हणूनच आठवत असेन. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि आमचा शाबाथ असायचा. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस माझा बाक अर्धा रिकामा. सोमवारी शाळेत आले, की शनिवारच्या सगळ्या विषयांची वही माझ्यासमोर उघडून ठेवलेली असे. ती वही ठेवणारी माझ्या बाकावरची मैत्रीण आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं नाव मी घेणार नाही, कारण ती आत्ताच डोळे वटारते आहे. पण हे भाषण खरं म्हणजे तिलाच आहे. तुम्ही सगळे साक्षीदार.

आपल्या मराठीच्या बाईंनी पत्रलेखन शिकवताना सांगितलं होतं, ‘आलेल्या पत्राला उत्तर न देणं हा उद्धटपणा, आणि खोटं उत्तर देणं हा त्याहून मोठा.’ बाई, मी दोन्ही केलं. आज त्याचं मोजमाप होऊन जाऊ द्या.

आमची हकिगत नव्या मुलांना माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. आम्ही बेने इस्रायल. कित्येक पिढ्या या किनाऱ्यावर राहिलो, घाण्यावर तेल काढलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत. ज्या गावात राहिलो त्या गावाचं नाव घेतलं: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नागावकर, झिराडकर. पेणला आमचं सिनेगॉग आहे, कुंडलिकेच्या काठी अष्टमीलाही आहे. आमचे आजोबा-आजी रोह्याचे. बाबा नोकरीमुळे पेणला आले आणि मी इथेच वाढले. म्हणजे आडनावाने रोह्याची आणि बोलण्याने पेणची.

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत आमची माणसं एकेक करून निघाली. कोणी श्रद्धेने, कोणी नोकरीसाठी, कोणी सगळे गेले म्हणून. आमचं घर १९७१ च्या उन्हाळ्यात निघालं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. पेणला रेल्वे नव्हती. एसटीने पनवेल, पुढे मुंबई. एसटीच्या टपावर दोन पत्र्याच्या ट्रंका. आजी मात्र आली नाही. ‘तुझे आजोबा इथल्या मातीत आहेत, मी कुठे जाऊ?’ म्हणाली आणि रोह्यालाच राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी एक काम केलं. आमच्या घरांच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा असते. छोटीशी नळी, तिच्या आत हाताने लिहिलेलं धर्मवचनांचं चर्मपत्र. येता-जाता तिला हात लावून ओठांना लावायचा. आमच्या कौलारू घराच्या दारावरची ती मेझुझा बाबांनी खिळे काढून उतरवली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. चौकटीवर दोन भोकं आणि एक फिकट पट्टा तेवढा उरला. घर सोडलं म्हणजे काय, ते मला त्या पट्ट्याकडे बघून कळलं.

आम्हाला घर मिळालं दिमोना नावाच्या गावात. नेगेवच्या वाळवंटातलं हे गाव १९५५ साली वसवलेलं, म्हणजे आपल्यापेक्षाही वयाने लहान. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा पेणला जुलैतल्या एखाद्या दिवशी पडून जातो. एका अधिकाऱ्याने बाबांच्या हातात किल्ली दिली, कागदावर सही घेतली आणि तो निघून गेला. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, एक हातभर गॅलरी. आत चार लोखंडी खाटा, गाद्या, घोंगड्या, एक टेबल. भिंती इतक्या पांढऱ्या, की डोळे दुखत. बोललं की आवाज परत यायचा. आईने सगळ्या खोल्या पाहिल्या, म्हणजे चार पावलं टाकली, आणि विचारलं, ‘मागचं दार कुठे आहे?’

मागचं दारच नव्हतं. तुम्ही हसताय, पण पेणच्या घरात आईचा दिवस मागच्या दारी जायचा. विहीर, भांडी, वाळवण, शेजारणीशी बोलणं, सगळं मागच्या दारी. पुढच्या दाराने पाहुणे येतात, माणसं मागच्या दाराने येतात. आता एकच दार, तेही जिन्यावर उघडणारं. बाबांनी त्या दाराला मेझुझा लावली, प्रार्थना म्हटली आणि म्हणाले, ‘झालं आपलं घर.’ आई काही बोलली नाही. तिने एका ट्रंकेतले कपडे काढले. दुसरी ट्रंक, ज्यात विळी, खलबत्ता आणि तिचं मोठं पितळी पातेलं होतं, ती उघडलीच नाही. तिच्यावर चादर घातली आणि म्हणाली, ‘राहू दे. परत न्यायला सोपी पडेल.’

पहिल्या आठवड्यातच आमचं भांडण झालं. तिकडे फरशी पुसत नाहीत, धुतात. बादलीभर पाणी ओतायचं आणि लांब दांडीच्या रबरी पट्टीने ते भोकाकडे ढकलायचं. आईला ही पद्धत बघताक्षणी आवडली. त्या देशातली तिला आवडलेली पहिली गोष्ट तीच. तिने कोकणातल्या हिशेबाने चार बादल्या ओतल्या. गॅलरीच्या पन्हाळीतून ते सगळं पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या गालिच्यावर. बाई मोरोक्कोहून आलेल्या. त्या अरबीत ओरडत वर आल्या, आई मराठीत माफी मागू लागली, आणि मी अकरावीत प्रार्थनेपुरतं वाचता येणारं हिब्रू आठवू लागले. प्रार्थनेत गालिच्याला शब्द नाही. शेवटी आईने त्यांचा हात धरला, खाली गेली आणि दोघींनी मिळून तो गालिचा पिळला. संध्याकाळी त्या पुदिन्याचा चहा घेऊन वर आल्या. त्यानंतर धुवायचा वार ठरला: आम्ही गुरुवारी, त्या शुक्रवारी सकाळी.

पण हे सगळं मी कोणाला कळवलं नाही. त्याच पावसाळ्यात तुझं पहिलं पत्र आलं. त्यात तू एका ओळीत विचारलं होतंस, ‘नवं घर कसं आहे? अंगण आहे का गं?’

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर आमच्यासारखीच इमारत, तिच्यामागे तशीच, आणि त्यामागे पिवळी टेकडी. अठरा वर्षांची होते मी. निघताना सगळी आळी निरोप द्यायला आली होती. ‘मोठ्या घरी चालली’ म्हणत होते लोक. त्या लोकांना तीन जिने, आठ पावलांची गॅलरी आणि न उघडलेली ट्रंक कशी सांगायची? मी लिहिलं: घर प्रशस्त आहे. पुढे अंगण आहे. अंगणात लिंबाचं झाड आहे.

दिवाळीनंतर तुझं दुसरं पत्र आलं. पाकीट जरा फुगीर होतं. आत कागदाच्या पुडीत वालाचे चार दाणे. आपले कडवे वाल. आणि तू लिहिलं होतंस, ‘लिंबाजवळ लाव. वेल त्यावर चढेल.’

बाई, खोट्याचं फळ कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. ती पुडी हातात घेऊन मी गॅलरीत किती वेळ उभी होते कोण जाणे. उत्तर लिहायला बसले की हात अडायचा. ‘लावले’ लिहू तर दुसरं खोटं, ‘अंगण नाही’ लिहू तर पहिलं उघडं. पुडी टेबलाच्या खणात टाकली. उत्तर उद्यावर टाकलं. उद्याचे महिने झाले.

मधल्या काळात मी हिब्रू शिकले, दवाखान्यात नोकरीला लागले. बाबा कापडगिरणीत जायचे. एकदा बाजारात एका गाडीवर मला शब्द ऐकू आला, ‘अंबा!’ मी चमकून थांबले. इराकी ज्यू माणूस होता, पिवळंधमक, आंबट-तिखट कैरीचं लोणचं पावात घालून देत होता. त्याच्या लोकांनी ते बगदादला नेलं, बगदादहून इकडे आणलं, पण नाव आपलंच राहिलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘कैरीला हे लोक आंबा म्हणतात, यांना काय कळतंय!’ पण दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन स्वतः गेली.

मग १९७३ चा ऑक्टोबर आला. ६ तारीख, शनिवार, योम किप्पूर. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी दारं लावून आत राहायचं. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले. युद्ध सुरू झालं होतं. इमारतीच्या खालच्या तळघरात सगळे जमलो: मोरोक्कोचे, रुमानियाचे, आम्ही, म्हातारी माणसं, तान्ही मुलं. उपासाच्या दिवशी, अंधारात, कोणाला काही कळत नव्हतं. खालच्या बाईंचा थोरला मुलगा सैन्यात होता. त्या भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या.

अंधार पडला, उपास सुटायची वेळ झाली. लोकांच्या घशाला कोरड. चाळीसेक माणसं, आणि कोणाकडे चार-सहा कपांपलीकडे चहा होईल असं भांडं नाही. तेव्हा खालच्या बाईंनी आईकडे बघून दोन्ही हातांनी एवढं मोठं गोल केलं. ‘आहे का तुझ्याकडे?’

आई उठली. आम्ही दोघी चाचपडत तीन जिने चढलो, कारण दिवे लावायला बंदी होती. खिडकीला घोंगडी बांधली. आईने ट्रंकेवरची चादर काढली, कडी उघडली आणि पातेलं बाहेर काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याला अजून पेणची चिंच लावून घासल्याचा वास आहे, असं मला वाटलं. वासबिस काही नसणार, पण वाटलं. त्या पातेल्यातून चाळीस माणसांनी चहा प्यायला. आल्याचा, भरपूर साखरेचा, आपला चहा. त्यानंतरचे अडीच आठवडे ते पातेलं रोज संध्याकाळी खाली जायचं आणि वर यायचं. बाईंचा मुलगा परत आला, पायाला जखम घेऊन, पण आला. इमारतीतला दुसरा एक आला नाही. त्याच्या घरी सात दिवस चहा आमच्याच पातेल्यातून गेला.

ट्रंक मग कधीच बंद झाली नाही. पातेलं ओट्याखाली गेलं, विळी कोपऱ्यात आली. आईने ‘आता राहायचं’ असं कधी म्हटलं नाही. तिने फक्त रिकामी ट्रंक गॅलरीत नेऊन ठेवली आणि मला विचारलं, ‘ते वालाचे दाणे कुठे टाकलेस?’

तिला माहीत होतं! तिने ते तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लावले. चारांपैकी एक उगवला. वेल गॅलरीच्या गजांवर चढला. वाळवंटातल्या गरम वाऱ्यात पानं होरपळायची, आई ओलं फडकं बांधायची. दोन शेंगा धरल्या. दोनच. आईने त्यांची आमटी केली. चार माणसांच्या वाट्याला किती वाल आले असतील ते गणिताच्या सरांनी काढावं. मी मात्र तशी आमटी पुन्हा खाल्ली नाही.

आता तरी मी तुला लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. कारण ‘डब्यात लावले’ लिहायचं, तर डबा का, ते सांगावं लागलं असतं.

आणि मग १९७४ साली तुझं तिसरं पत्र आलं. माझं उत्तर नाही, तरी आलं. तू लिहिलं होतंस, की तू एसटीने रोह्याला गेली होतीस, आमच्या आजीला भेटायला. तिच्याजवळ दुपारभर बसलीस, तिला आमची जुनी पत्रं वाचून दाखवलीस. तिने विचारलं, ‘माझ्या लेकराचं घर कसं आहे?’ आणि तू, बाई गं, तू तिला सांगितलंस, ‘छान आहे आजी. अंगण आहे. लिंबाचं झाड आहे.’

आजी त्याच वर्षी गेली. ते अंगण डोळ्यांसमोर ठेवून गेली. मला आजही ठरवता येत नाही, की माझ्या त्या खोट्याबद्दल मी शरमावं, की ते तिच्या उपयोगी पडलं म्हणून गप्प बसावं. पण एक मला पक्कं ठाऊक आहे. तू माझ्या वतीने तिच्याजवळ बसलीस आणि मी तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. पुढे तुझं लग्न झालं, आडनाव बदललं, पत्ता हरवला. दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले १९९२ साली, आपले जुळायला मोबाइलवरचा ग्रुप निघावा लागला.

परवा मी रोह्याला गेले. कुंडलिका पाहिली, अष्टमीला सिनेगॉगचं दार पाहिलं, आजीच्या थडग्यावर आमच्या रिवाजाप्रमाणे एक दगड ठेवला. दिमोनाहून आणलेला, पिवळा. काल पेणला आपल्या आळीत गेले. आमच्या कौलारू घराच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे. खाली मोटारसायकली, वर गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. मला क्षणभर वाटलं, दिमोनालाच आले की काय! मग तू मला तुझ्या घरी नेलंस. दुसरा मजला, लिफ्ट बंद. गॅलरीत तुळस. मी म्हटलं, ‘अगं, तुझं अंगण?’ तू म्हणालीस, ‘माझं अंगण गेलं, तुझं तरी आहे ना?’ आणि मी काल रात्रीही खरं बोलू शकले नाही. म्हणून आज सर्वांसमोर बोलते आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं आज पुण्याला, दुबईला, अमेरिकेला आहेत. तुम्ही त्यांची नवी घरं लावून द्यायला जाता, डबे भरून नेता. माझ्या अनुभवातलं थोडं सांगते. पडदे, सोफा नंतर होतील. आधी शेजारचं दार वाजवा आणि काहीतरी मागा. वाटीभर साखर मागा, शिडी मागा. द्यायला गेलं की माणसं आभार मानतात आणि दार लावतात. मागितलं की ओळख होते, आणि कधीतरी ती तुमच्याकडे मागायला येतात. आईचं घर बाबांनी मेझुझा लावली तेव्हा झालं नाही, किल्ली मिळाली तेव्हाही नाही. कोणीतरी तिच्याकडे भांडं मागितलं तेव्हा झालं.

आणि दुसरं, मुलांना ‘घर कसं आहे’ असं विचारू नका. ती आमच्यासारखीच सांगतील, ‘छान आहे.’ विचारा, ‘तुझ्याकडे कोण येतं?’ त्याचं उत्तर खोटं देता येत नाही.

आई आता नाही, बाबाही नाहीत. त्या घरात मी अजून राहते. मेझुझा त्याच दारावर आहे, पातेल्याला दोनदा कल्हई झाली आहे, दुसऱ्या वेळेला कल्हईवाला शोधायला मला तीन शहरं फिरावी लागली. खालच्या बाईंची नात दर शुक्रवारी वर येते. तिला आमची आमटी आवडते, आणि मराठीतला एकच शब्द येतो: ‘अजून’.

तेव्हा ऐक. तुझ्या १९७१ च्या पत्राचं उत्तर:

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. दोन खोल्या आहेत. अंगण नाही, कधीच नव्हतं. लिंबाचं झाडही नव्हतं. तू पाठवलेल्या वालांपैकी एक उगवला. दोन शेंगा आल्या. गॅलरीतून टेकडी दिसते, संध्याकाळी ती गुलाबी होते. घर बरं आहे. एक खाट जास्तीची आहे. तू ये.

उत्तराला अठ्ठेचाळीस वर्षं उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. बाई, किती गुण कापायचे ते कापा.